टिपाड, मागला जन्म आणि अंगणातली सायकल

पत्र, थोडक्यात: 'मी सोलापूरची. वय 41, घरी शाळेचे गणवेश शिवते. एकत्र कुटुंब आहे. गेल्या सप्टेंबरात धाकट्या दिरांची मुलगी डेंगीने गेली, सात वर्षांची होती. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला, आम्ही निर्धास्त झालो आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी ती गेली. सासूबाई म्हणतात, मागल्या जन्मीचं देणं. एक कीर्तनकार सांगून गेले की देव आपल्याच माणसांची परीक्षा घेतो. दिरांनी देवघरातले देव फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. जाऊ काहीच बोलत नाही. फक्त मागच्या दारच्या टिपाडाकडे जात नाही, कारण आरोग्य खात्याच्या माणसाला त्यात अळ्या सापडल्या होत्या. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली, नवऱ्याचे चार माग भंगारात गेले. ते सगळं सोसलं, कारण वर देव आहे असं वाटायचं. देव चांगला आहे, समर्थ आहे, तर मग हे का? या जगात काही कायम असतं का? तिच्या पाच वर्षांच्या भावाला काय सांगायचं? आणि तिची सायकल अंगणात उभी आहे, ती ठेवायची की कुणाला द्यायची?'

ताई,

तुम्ही शिवणकाम करता, म्हणजे दोऱ्याचा गुंता ओढला की गाठ बसते हे तुम्हाला सांगायला नको. आधी टोकं शोधावी लागतात. तुमच्या 'हे का?' मध्ये तीन दोरे अडकलेत. हे कशाने झालं? यात कोण चुकलं? आणि देवाने होऊ कसं दिलं? पहिल्याचं उत्तर जवळजवळ पूर्ण देता येतं. दुसऱ्याचं बरंचसं देता येतं. तिसऱ्याचं पुरं उत्तर अडीच हजार वर्षांत कुणाकडून आलेलं नाही, पण कुठलं उत्तर कुठे फसतं हे मात्र चांगलं माहीत आहे. तुमच्या घरात सासूबाई तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देतायत आणि जाऊबाई पहिल्याचं उत्तर स्वतःच्या अंगावर घेऊन बसल्यात. म्हणून सुरुवात टिपाडापासून करू.

डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, टिपाडाच्या ओलसर कडेला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. पुन्हा पाणी तिथवर आलं की अळी बाहेर येते आणि सोलापूरच्या उबेत आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करायचं, आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासायची, उन्हात पालथं घालायचं आणि मग भरायचं. 'कोरडा दिवस' म्हणतात तो हाच. झाकण नीट बसत नसेल तर जुन्या सुती लुगड्याचं दुहेरी फडकं दोरीने आवळून बांधायचं. हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडायचे.

आता जाऊबाईंसाठी. हा डास बहुधा जिथे जन्मला तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. पण सोलापूरच्या दाट वस्तीत तेवढ्या टापूत किती टिपाडं, किती रांजण, किती कूलर, गच्चीवर पडलेले किती टायर असतात ते मोजून बघा. मुलीला चावलेली मादी कुठल्या पाण्यातून आली हे ठरवायचा कुठलाही मार्ग नाही. ती शाळेतही चावली असेल. तुमच्या टिपाडात अळ्या सापडल्या, कारण तिथे कुणीतरी बघितलं. आणि टिपाड भरून ठेवावं लागतं, कारण नळाला काही दिवसांआड पाणी येतं. धरण, जलवाहिनी, वाटपाची वेळ, घराचं अंगण, डास, विषाणू अशी ती साखळी आहे. त्यातली एक कडी जाऊबाईंच्या हाताजवळ होती. साखळी त्यांची नव्हती.

ताप उतरल्याचंही तसंच. बाकीच्या बहुतेक तापांत ताप उतरला की जीव वाचला, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघितलंय आणि ते खरंही आहे. डेंगीत हा नियम उलटा फिरतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि त्यानंतरचे 24 ते 48 तास सगळ्यात धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्तदाब एकदम पडतो. पोटात सारखं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, मूल गळून जाणं किंवा उगाच चिडचिडं होणं: ताप उतरलेला असला तरी यातलं एक जरी दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. घरी पॅरासिटामॉलच्या पलीकडे काही द्यायचं नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बिलकुल नाही, त्यांनी रक्तस्राव वाढतो. मुलीच्या भावासाठी हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावून ठेवा. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेल्याला दुसऱ्या प्रकाराचा पुन्हा होऊ शकतो आणि तो बरेचदा जड जातो.

निर्धास्त होणं हा तुमचा गुन्हा नव्हता. एक जुना, भरवशाचा नियम जिथे लागू नव्हता तिथे तुम्ही वापरलात, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. जाऊबाईंना हे शब्दांत सांगायला जाऊ नका, आत्ता कानावर पडणार नाही. टिपाड तुम्ही घासा, दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, त्या बघत असताना. एखाद्या दिवशी त्या आपण होऊन पाणी ओतायला येतील. नाही आल्या तरी तुमचं काम चालू ठेवा.

आता देणं. सासूबाईंचं वाक्य लहान आहे, पण त्यामागे मोठं शास्त्र आहे, आणि त्यांच्याशी वाद घालायचा तर ते शास्त्र नेमकं काय म्हणतं ते माहीत हवं. ब्रह्मसूत्रं म्हणजे वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात एक सूत्र म्हणतं की सृष्टी ही ईश्वराची लीला. त्याला लागूनच पुढचं सूत्र येतं, आणि ते येणारच होतं, कारण ऐकणारा लगेच विचारतो: खेळ असेल तर एकाला सुख नि दुसऱ्याला दुःख का, हा पक्षपात नाही का, हा निर्दयपणा नाही का? 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य' हे त्या सूत्रातलेच शब्द. तुमच्या मनात आलेला प्रश्न म्हणजे देवद्रोह नव्हे, तो शास्त्रातच क्रमाने लावून ठेवलाय. उत्तर असं की ईश्वर एकटा फळ ठरवत नाही, प्राण्याच्या कर्माच्या अपेक्षेने ठरवतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, ते बियाण्यावर. मग पुढची शंका: पहिल्या जन्माआधी तर कर्मच नव्हतं, तेव्हा फरक कुठून आला? त्यावर म्हणतात, पहिला जन्म असा नाहीच, संसार अनादि आहे.

हे उत्तर तर्काला धरून आहे, पण ते देवावरच्या आरोपाचं उत्तर आहे हे लक्षात घ्या. आरोपी देव आहे, बचाव देवाचा आहे. सासूबाई तेच वाक्य उचलून मुलीला पिंजऱ्यात उभं करतात. अमक्या पोरीने तमकं पाप केलं असणार, असा निकाल यातून निघत नाही. अमक्याचं कर्म मला दिसतं असा दावा कुठल्याही आचार्याने केलेला नाही. कर्माची गती गहन आहे, हे गीतेच्या चौथ्या अध्यायातच आहे. तेव्हा सासूबाईंना इतकंच म्हणा: 'आई, कर्म असेलही. कुणाचं, कुठलं, ते आपल्याला दिसत नाही, मग तिचं नाव घेऊन बोलू नका.' वाद घालण्यापेक्षा हे वाक्य जास्त चालेल, कारण त्यात त्यांची श्रद्धा मोडत नाही.

बुद्धाने तर याच्याही पुढे जाऊन हिशेबच मांडलाय. सीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, विचारलं की माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणणाऱ्यांबद्दल आपलं मत काय? बुद्धाने आठ कारणं मोजून दाखवली: पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतुबदल, नीट निगा न राखणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मफळ. सगळं आठव्याच खान्यात टाकणारे लोक डोळ्यांना दिसतं त्याच्या आणि जगाला मान्य असतं त्याच्याही पुढे धावतात, असं त्याचं म्हणणं. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात हा संवाद आहे. डास या यादीत कुठे बसवायचा ते तुम्हीच बघा. आम्ही ऋतुबदल आणि निगा यांच्यामध्ये बसवू.

कीर्तनकारांच्या परीक्षेबद्दल थोडक्यात, कारण ते उत्तर कमी टिकाऊ आहे. दुःखातून माणूस घडतो, हे मोठ्या माणसाच्या, पेलता येणाऱ्या दुःखापुरतं खरं आहे. इथे परीक्षा कुणाची झाली? मुलीची म्हणाल तर ती निकालाला उरली नाही. आईबापांची म्हणाल तर एका पोरीचा जीव दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेला लागणारा कागद ठरतो. एवढं लहान गणित ज्याला कीर्तनाच्या भरात दिसत नाही, त्याने त्या घरात गप्प बसलेलं बरं.

याच जातीचं एक उत्तर मोठ्या माणसानेही दिलं होतं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यतेच्या बाबतीत पूर्ण त्यांच्या बाजूने असलेल्या रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला: जमिनीच्या हालचालीला माणसाच्या नीतीशी बांधू नका, निसर्गाची कारणं निसर्गात शोधा. गांधीजींनी तो विरोध आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापला, हा त्यांचा मोठेपणा. वादात मात्र आम्ही रवींद्रनाथांकडे. शिक्षा म्हणायची तर ती पाप करणाऱ्यावर पडायला हवी, आणि भिंती पडल्या त्या ज्यांच्यावर पाप झालं त्यांच्यावरही.

सोलापूरकराला बिहारपर्यंत जायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा निजलेले. किल्लारीचा तो हादरा सोलापुरात ज्यांनी अनुभवला, त्यांना अजून दारं खडखडलेली आठवतात. त्याच्या सुमारे दोनशे चाळीस वर्षांआधी, 1 नोव्हेंबर 1755 ला, पोर्तुगालमध्ये लिस्बनला असंच झालं होतं. सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये, आणि भूकंप. लायबनिट्झ नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1710 मध्ये लिहून ठेवलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच जग उत्तम. लिस्बननंतर युरोपात ते वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणणं अवघड झालं आणि 1759 मध्ये व्होल्तेअर या फ्रेंच लेखकाने एक आख्खी कादंबरी त्याची टर उडवायला लिहिली.

पण किल्लारीत आणखी एक गोष्ट दिसली. माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट रुंद भिंती, आत-बाहेरच्या दगडांना सांधणारा आडवा दगड नाही, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद रात्री अंगावर आलं. नैसर्गिक दुःख आणि माणसाने केलेलं दुःख असे दोन कप्पे तत्त्वज्ञानात करतात. माणसाला देवाने स्वातंत्र्य दिलं म्हणून खून-दंगली होतात, हे उत्तर दुसऱ्या कप्प्यापुरतं चालतं. प्रत्यक्षात भूकंपात बांधकाम मिसळलेलं असतं आणि डेंगीत पाणीवाटप. 'देवाची करणी' म्हणून जे पोतं आपण बाजूला ठेवतो, ते उघडून चाळलं तर निम्मं माणसाचंच निघतं. ते वेगळं काढून त्याच्या मागे लागा, अर्ज करा, वस्तीतल्या बायका गोळा करा, गच्च्या तपासा. उरलेल्या निम्म्याचं काय, हा खरा अवघड भाग.

त्या उरलेल्या निम्म्यासाठी सगळ्यात सच्चं उत्तर आम्हाला जे वाटतं, ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नातून निघतं. काही कायम असतं का? असतं. निसर्गाचा नियम. विस्तव भाकरी भाजतो आणि बोटही भाजतो. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही, असा विस्तव असता तर त्यावर स्वयंपाक करायची कुणाची छाती झाली नसती. विषाणू ज्या नियमाने शरीरात वाढतो, त्याच नियमाच्या भरवशावर शिरेतून दिलेलं सलाईन दुसऱ्या मुलाला वाचवतं. पोर चांगलं आहे म्हणून डासाची सोंड बोथट झाली असती, तर उद्या औषधाचा गुणही माणूस बघून आला असता. तुम्ही जो कायमपणा मागताय, त्यानेच तुम्हाला मारलंय. ऐकायला कठोर आहे, पण निदान त्यात कुणी मुलीवर डाव धरलेला नाही.

हे उत्तर कुठे संपतं तेही सांगायला हवं. जगात दुःख का आहे, हे ते सांगतं. ही मुलगी का, हे सांगत नाही. आणि नियम ठेवूनही देवाला जरा सौम्य नियम करता आले नसते का, या प्रश्नापुढे ते अडतं. विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1979 मध्ये एक साधं उदाहरण दिलं: रानात वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस भाजतं, कित्येक दिवस तडफडून मरतं, आणि कुणाला ते कळतही नाही. यातून कुणाचं काय भलं झालं? त्याआधी पाच वर्षं ॲल्विन प्लँटिंगा या दुसऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञाने एवढं दाखवलं होतं की देव आहे आणि दुःखही आहे, ही दोन वाक्यं तर्काने एकमेकांना खोडत नाहीत. बरेच तत्त्वज्ञ ते मानतात. पण खोडत नाही म्हणजे पटतं असं नाही. वाद आजही जवळपास तिथेच उभा आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. हा पेच तीन वाक्यं एकदम धरली तरच पडतो: देव सर्वसमर्थ आहे, देव पूर्ण दयाळू आहे, दुःख खरं आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर हा तिढा सांगतात. तुमच्या शहरातले जैन पहिलं वाक्य म्हणतच नाहीत. जग कुणी निर्माण केलं असं ते मानत नाहीत. बौद्धही मानत नाहीत. ही सगळी माणसं तुमच्याइतक्याच निष्ठेने, नियमाने, दयेने जगतात. देवाबद्दलचं एखादं वाक्य ढिलं झालं म्हणून माणूस पोकळ होत नाही, हे बघायला तुम्हाला गल्ली ओलांडावी लागेल एवढंच.

आणि दिरांनी बांधून ठेवलेले देव? ते उतरवायची घाई करू नका, सासूबाईंनाही करू देऊ नका. वारकऱ्यांच्या परंपरेत देवाशी भांडणं हा भक्तीचाच एक प्रकार आहे. आपल्या जिल्ह्यातलंच बघा. चोखोबा मंगळवेढ्याचे. ज्या विठ्ठलाच्या दारात त्यांना आत येऊ दिलं नाही, त्याच्यावर जन्मभर जीव लावला आणि शेवटी मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून गेले. असं का झालं, याचं स्पष्टीकरण संतांनी दिलेलं नाही. परंपरा सांगते, नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून अस्थी निवडल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी केली. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याने तर अभंगांतून देवाला सरळ जाब विचारला, आणि ते अभंग परंपरेने फेकून दिले नाहीत, जपले. दिरांचं गाठोडं त्याच रांगेतलं समजा. सासूबाईंना पूजा हवी असेल तर त्यांनी त्यांच्या खोलीत एक तसबीर लावावी. एका घरात दोन्ही चालू शकतं.

आता कायम काय, याचा उरलेला हिशेब. 'बदल हीच एक कायम गोष्ट' असं लोक सांत्वनाला म्हणतात. दुःखातल्या माणसाच्या ते काही कामाचं नाही, शिवाय ढोबळ आहे. कायमपणाच्या जाती वेगळ्या आहेत, त्या एकत्र कालवू नयेत. समंतभद्र या जैन आचार्यांनी सोन्याचा दाखला दिलाय. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हसला, सोनंच हवं होतं त्याला काही वाटलं नाही. एकाच घटनेत नाश, उत्पत्ती आणि टिकणं तिन्ही खरे. इथे द्रव्य टिकलं, आकार गेला.

तुमच्या सोलापुरी चादरीत नेमकं उलटं आहे. जकार्डच्या मागावर नक्षी सुतात नसते. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना ओवून माळ करतात, ती माळ मागाच्या डोक्यावर फिरते. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हूक ताण्याचा धागा उचलतो. जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. एक कार्ड, धोट्याची एक फेरी. सूत संपतं, चादर विकली जाते, कार्डंही झिजतात आणि नवीन पाडतात. नक्षीतला मोर तोच येतो. इथे द्रव्य गेलं, रचना टिकली. तुमच्या नवऱ्याचे माग भंगारात गेले, पण त्यांच्या हातातली धागा जोडायची गाठ गेलेली नाही, आणि तुमच्या मशीनवरचा हातही कुठून तरी आलेला आहेच. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनात स्थावर आणि जंगम असे दोन शब्द आहेत: स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. ज्या शहरात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं, तिथे हे कन्नड वचन समजावून सांगणारी म्हातारी माणसं तुम्हाला सहज सापडतील. ते आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

तिसरी जात तुमच्या कामाची आहे. झालेलं न झालेलं करता येत नाही. अगाथॉन नावाच्या ग्रीक नाटककाराने म्हटलंय की एवढी एक गोष्ट देवालाही जमत नाही, आणि ॲरिस्टॉटलने ते मान्य करून आपल्या नीतिशास्त्रात घेतलंय. सहाव्या दिवसाची संध्याकाळ पुसता येत नाही, हे खरं. पण तोच नियम त्या सात वर्षांनाही लागू आहे. ती होती, चालायला शिकली, सायकल शिकताना पडली: ही वाक्यं शंभर वर्षांनी, तुम्ही कुणीही नसताना, इतकीच खरी असतील. याला श्रद्धा लागत नाही. तिच्याबद्दल घरात बोलायचंच नाही असा अलिखित नियम झाला असेल तर तो मोडा. नाव घेऊन, वर्तमानातल्या साध्या गोष्टींत: 'तिला ही चटणी आवडायची.'

जाऊबाईंबद्दल व्यवहाराचं एक. अशा घरात जेवणाच्या वेळा मोडतात. रात्री दोनला भूक लागते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात भरून त्यांच्या खोलीत ठेवा, दोन्ही दिवसचे दिवस टिकतात, कुणाला उठून स्वयंपाकघरात जावं लागत नाही. 'जेव' म्हणू नका, डबा फक्त भरलेला ठेवा. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं त्यांच्याजवळ काजं-बटणांचं काम घेऊन बसा. हात चालू असले की गप्प बसणं जड होत नाही. मात्र त्या सलग दोन आठवडे झोपत नसतील, खात नसतील, किंवा 'मीही गेले असते तर' असं बोलत असतील, तर हा तत्त्वज्ञानाचा विषय राहत नाही. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पहिला फोन तुम्ही करा.

भावाला 'देवाने नेलं' सांगू नका, तो देवाला घाबरेल. 'झोपली' सांगू नका, तो झोपायला घाबरेल. 'गावाला गेली' सांगितलं तर वाट बघेल. पाच वर्षांच्या मुलाला चार वाक्यं पुरतात: ताईला मोठा आजार झाला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. तू भांडलास किंवा काही बोललास म्हणून हे झालेलं नाही. चौथं वाक्य गाळू नका. या वयात मुलांना आपल्या रागाने माणूस मरतो असं खरंच वाटतं. तो हेच पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी त्याच शब्दांत सांगा, शब्द बदलले की त्याला वाटतं गोष्ट बदलली. साधा ताप आला की 'मीपण मरणार का' विचारेल. 'बहुतेक तापांत माणूस बरा होतो, आणि आपण आता जास्त लक्ष ठेवतो', एवढं खरं उत्तर द्या.

सायकलचा निर्णय तुमचा नाही, आईबापांचा आहे, आणि पहिलं वर्ष सरेपर्यंत तोही मागू नका. तोवर ती अंगणात उन्हात उभी ठेवू नका. एकाच जागी उभी राहिली की हवा उतरते, टायर रिमखाली दबून तिथेच चिरतो आणि सोलापूरच्या उन्हात रबर लवकर तडकतं. चेनला दोन थेंब तेल द्या, दोन्ही चाकांत हवा भरा आणि आतल्या खोलीत भिंतीला दोन खुंट्या ठोकून जमिनीपासून वीतभर वर टांगा. दर महिन्याला हवा बघा. मुलगा आणखी वर्षभरात तेवढ्या उंचीचा होईल. तो मागेल तेव्हा सीट किती वर करायची ते त्याच्या बापाला ठरवू द्या.